जुन्या डेस्कटॉपमधला डीव्हीडी ड्राइव्ह, हार्डडिस्क आणि कार्डांची भांडणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे जुना डेस्कटॉप म्हणजे साधारण १९९८ ते २००८ मधला, विंडोज ९८ किंवा एक्सपी असलेला आणि आत ती रुंद चपटी आयडीई केबल (हार्डडिस्क आणि सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह मदरबोर्डला जोडणारी) असलेला. अशी मशीनं अजून रोज चालू आहेत, डीटीपीवाल्यांकडे, वर्कशॉपमध्ये एखाद्या मशीनला जोडलेली, दुकानात डॉसमधलं बिलिंग चालवायला, आणि घरी लग्नामुंजीच्या सीड्या बघायला म्हणून जपून ठेवलेली. प्रश्न तेच तेच येतात म्हणून एकत्र लिहिलंय. माझा आग्रह एवढाच आहे की पार्ट विकत घ्यायच्या आधी आणि फॉरमॅट मारायच्या तर खूपच आधी केबल, जंपर आणि सेटिंग बघून घ्या, आणि बघताना एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर नक्की कशाने फरक पडला ते कळतच नाही.

माय कॉम्प्युटरमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह दिसतच नाहीये. सुरुवात कुठून करू?

बायोसपासून, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगपासून. मशीन चालू होताना डिलीट दाबा (काही कंपन्यांच्या मशीनवर एफ२ किंवा एफ१० असतं) आणि पहिल्याच पानावर प्रायमरी मास्टर, प्रायमरी स्लेव्ह, सेकंडरी मास्टर, सेकंडरी स्लेव्ह अशा चार ओळी दिसतात त्यात ड्राइव्हचं नाव येतंय का बघा. तिथेच नाव नसेल तर प्रश्न हार्डवेअरचा आहे, म्हणजे पॉवर, केबल, जंपर किंवा खुद्द ड्राइव्ह, आणि मग विंडोज दहा वेळा टाकलं तरी काही उपयोग नाही. बायोसमध्ये नाव आहे पण विंडोजमध्ये नाही, तर ड्राइव्ह बहुतेक ठणठणीत आहे आणि गडबड विंडोजची आहे. ही एक चाचणी दोन मिनिटांची आहे आणि तिने अर्धं काम होतं, तरी लोक ती सोडून थेट नवीन ड्राइव्ह आणायला जातात.

बटण दाबल्यावर ट्रे बाहेर येतो का तेही बघा. ट्रे येतोय, दिवा लागतोय, म्हणजे पॉवर पोचतेय, मग डेटा केबल आणि जंपरकडे वळा.

मास्टर-स्लेव्ह जंपर नक्की कसा लावायचा?

एका आयडीई केबलवर दोन ड्राइव्ह बसतात, त्यातला एक मास्टर आणि दुसरा स्लेव्ह पाहिजे. दोन्ही मास्टर ठेवले किंवा दोन्ही स्लेव्ह ठेवले की कधी एक दिसतो, कधी दुसरा, कधी दोन्ही गायब. जंपर म्हणजे ड्राइव्हच्या मागे पॉवर आणि डेटाच्या मधे बसवलेला तो छोटा प्लॅस्टिकचा तुकडा, कुठल्या पिनांवर बसवायचा ते ड्राइव्हच्या लेबलवर किंवा पत्र्यावर कोरलेलं असतं, एमए, एसएल आणि सीएस.

सीएस म्हणजे केबल सिलेक्ट, त्यात ड्राइव्ह केबलवर कुठे बसलाय त्यावरून आपोआप ठरतं. पण दोन्ही ड्राइव्ह सीएसवर ठेवा, एक सीएस आणि एक मास्टर असली खिचडी करू नका.

वेस्टर्न डिजिटलच्या आयडीई हार्डडिस्कची गंमत वेगळी आहे. तिथे 'एकटी' आणि 'स्लेव्ह सोबत असलेली मास्टर' अशा दोन वेगळ्या सेटिंग असतात. म्हणजे शेजारचा ड्राइव्ह काढून टाकला आणि हिचा जंपर मास्टरवरच राहिला तर ती नसलेल्या स्लेव्हची वाट बघत बसते आणि बायोसमध्ये येतच नाही. एकटी असेल तेव्हा लेबलवर सिंगलसाठी दाखवलंय तसं करा, बहुतेक वेळा त्यात जंपर काढूनच टाकायचा असतो.

आणि जमेल तिथे हार्डडिस्क एका केबलवर आणि डीव्हीडी ड्राइव्ह दुसऱ्या केबलवर ठेवा. एका केबलवर एका वेळी एकच ड्राइव्ह बोलू शकतो, त्यामुळे सीडीवरून हार्डडिस्कवर कॉपी करताना दोघंही एकाच केबलवर असले की ताटकळतात.

केबल केबलमध्ये काय फरक? सगळ्या सारख्याच तर दिसतात.

अजिबात नाही. कनेक्टर दोन्हीकडे ४० पिनांचाच, पण जुन्या केबलमध्ये ४० तारा आणि नंतरच्या केबलमध्ये ८० तारा असतात. उजेडात धरून बघा, ८० वालीच्या रेघा बारीक आणि दाट असतात, ४० वालीच्या जाड. त्या जास्तीच्या ४० तारा ग्राउंडच्या आहेत, प्रत्येक सिग्नलच्या शेजारी एक, म्हणजे सिग्नल एकमेकांत मिसळू नयेत. अल्ट्रा डीएमए ६६, १०० आणि १३३ या स्पीडना ८० तारांचीच केबल लागते, ४० वाली लावली की हार्डडिस्क ३३ वर अडकते.

८० वाल्या केबलचे कनेक्टर रंगाचे असतात. निळा मदरबोर्डला, टोकाचा काळा मास्टरला, मधला करडा स्लेव्हला. एकच ड्राइव्ह असेल तर तो टोकाच्या काळ्यावर लावा, मधे लावून टोक लोंबकळत ठेवू नका. केबलच्या एका कडेला लाल रेघ असते ती एक नंबरच्या पिनेची बाजू, आणि ड्राइव्हवर ती सहसा पॉवर कनेक्टरच्या बाजूला येते. लांबी १८ इंचांपर्यंतच असायला हवी, बाजारात लांब केबल मिळतात त्या घेऊ नका.

फ्लॉपीची केबल वेगळी, ३४ पिनांची. फ्लॉपी ड्राइव्हचा दिवा चालू केल्यापासून पेटलेलाच राहतोय म्हणजे ती केबल उलटी बसलीय.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हवर पिवळं चिन्ह आहे आणि कोड ३९ किंवा ४१ दाखवतोय.

हे एक्सपीमधलं सगळ्यात जास्त दिसणारं दुखणं. सीडी बर्न करायची सॉफ्टवेअर विंडोज आणि ड्राइव्हच्या मधे स्वतःचे फिल्टर ड्रायव्हर घुसवतात आणि ते सॉफ्टवेअर काढून टाकलं, अर्धवट निघालं किंवा अँटिव्हायरसने त्यातली फाइल उडवली की रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) नुसतं नाव उरतं, विंडोज ती फाइल शोधत बसतं, मिळत नाही, आणि बिचाऱ्या ड्राइव्हलाच बंद करून टाकतं. कोड १९, ३१ आणि ३२ सुद्धा बऱ्याच वेळा याच कारणाने येतात.

रजिस्ट्री एडिटर उघडा, एचकी लोकल मशीन, सिस्टम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, क्लास असं जात राहा. तिथे लांबलचक आकडे असलेल्या खूप फोल्डरांची रांग दिसेल, त्यातला ४डी३६ई९६५ ने सुरू होणारा धरा. उजवीकडे डीव्हीडी/सीडी-रॉम लिहिलेलं दिसलं की तो बरोबर फोल्डर, शेजारचे फोल्डर जवळजवळ सारखेच दिसतात म्हणून हे वाचूनच पुढे जा. आधी त्या फोल्डरचा एक्सपोर्ट काढून ठेवा, मग उजवीकडचे अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स हे दोन डिलीट करा आणि मशीन रीस्टार्ट करा. नंतर बर्निंगचं सॉफ्टवेअर बंद पडलं तर ते परत टाकावं लागेल, पण ड्राइव्ह परत येतो.

मशीन एकाएकी खूप स्लो झालंय, कॉपी करताना माउससुद्धा अडखळतो. हार्डडिस्क गेली का?

गेली असेलही, पण आधी डीएमए बघा. माझ्या मते चांगल्या हार्डडिस्क भंगारात जायचं सगळ्यात मोठं कारण हे आहे.

हार्डडिस्क दोन पद्धतींनी डेटा देऊ शकते. डीएमएमध्ये तो थेट मेमरीत जातो, प्रोसेसर मोकळा राहतो. पीआयओमध्ये प्रत्येक तुकडा प्रोसेसरला स्वतः उचलून न्यावा लागतो आणि वेग कागदोपत्रीच जास्तीत जास्त सेकंदाला १६.६ एमबी. एक्सपी काय करतं, डेटा वाचताना चूक झाली किंवा वेळेत उत्तर आलं नाही तर ते मोजत राहतं, आणि अशा सहा झाल्या की मोड एक पायरी खाली आणतं, परत सहा झाल्या की अजून खाली, असं करत शेवटी पीआयओवर नेऊन ठेवतं. मुख्य वांधा हा की ते आपणहून परत वर येत नाही. दोन वर्षांपूर्वी एक खराब सीडी घातली असेल तर डीव्हीडी ड्राइव्ह आजही पीआयओवर रांगत असतो.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई एटीए कंट्रोलर उघडा, प्रायमरी आयडीई चॅनेलच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, तिथे करंट ट्रान्स्फर मोड लिहिलेला असतो. अल्ट्रा डीएमए मोड ५ वगैरे असेल तर ठीक, पीआयओ मोड असेल तर सापडला चोर. वर 'डीएमए इफ अव्हेलेबल' निवडलेलं असूनही खाली पीआयओच दिसत असेल तर ते चॅनेलच अनइन्स्टॉल करा (हो, करा, घाबरू नका, डेटाला काही होत नाही) आणि रीस्टार्ट करा, विंडोज चॅनेल नव्याने शोधतं आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. विंडोज ९८ मध्ये डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये सेटिंग्जच्या पानावर डीएमएचा चौकोन असतो, तिथे टिक करायची.

पण चुका मुळात का झाल्या ते शोधल्याशिवाय थांबू नका, नाहीतर महिन्याभरात परत तेच. ओळखीच्या एका डीटीपीवाल्या काकांचं मशीन असंच झालं होतं, पानं उघडायला इतका वेळ की छपाईची कामं तुंबायला लागली, आणि दुरुस्तीवाल्याने हार्डडिस्क बदला असं सांगून ठेवलेलं. उघडून बघितलं तर ८० वाली केबल डब्याच्या पत्र्यात चिमटलेली, घडीवर पांढरी रेघ पडलेली आणि कडेच्या दोन तारांचं प्लॅस्टिक सोलून तांबं दिसत होतं. केबल बदलली, चॅनेल काढून रीस्टार्ट केलं, मोड ५ वर आलं. हार्डडिस्क तीच.

हे आधीच ओळखायला स्मार्ट रीडिंग (हार्डडिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) दाखवणारं कुठलंही छोटं सॉफ्टवेअर घ्या. त्यात १९९ नंबरला यूडीएमए सीआरसी एररचा आकडा असतो, तो वाढतोय म्हणजे बहुतेक करून केबल किंवा कनेक्टर. ५ नंबर आणि १९७ नंबर वाढतायत म्हणजे मात्र डिस्कची तबकडीच खराब होतेय, मग आधी बॅकअप.

सीडी चालते पण डीव्हीडी घेत नाही. ड्रायव्हर टाकू का?

ड्रायव्हरचा संबंध नाही. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा लेसर आणि डीव्हीडीसाठी ६५० चा, असे दोन वेगळे लेसर असतात आणि त्यातला एक आधी थकतो. एक प्रकार व्यवस्थित चालतोय म्हणजे केबल, जंपर, विंडोज सगळं ठीक आहे. लेन्सवरची धूळ एकदा पुसून बघा, आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर अगदी थोडं घेऊन, दाब न देता, पॉवर काढलेली असताना. नाहीच झालं तर ड्राइव्ह बदलायचा, लेसर दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही.

त्याआधी डिस्कही तपासा. फंक्शनच्या सीड्या बऱ्याच वेळा फायनलाइज न करताच (म्हणजे बर्न झाल्यावर डिस्क शेवटी बंद न करताच) दिलेल्या असतात, त्या दुसऱ्या ड्राइव्हवर दिसत नाहीत, ज्या मशीनवर बनवल्या त्याच्यावरच दिसतात. अगदी जुने सीडी-रॉम ड्राइव्ह सीडी-आरडब्ल्यू वाचू शकत नाहीत कारण तिचा पृष्ठभाग प्रकाश खूप कमी परत फेकतो. आणि कडेला तडा गेलेली डिस्क ५२ एक्स वेगाच्या ड्राइव्हमध्ये कधीच घालू नका, आत फुटते आणि ड्राइव्हही जातो.

बाहेरून आलेली डीव्हीडी 'रीजन' म्हणून अडवते.

रीजन म्हणजे डीव्हीडीसाठी पाडलेले जगाचे भाग, त्यात भारत रीजन ५ मध्ये आहे, अमेरिका १ मध्ये. ड्राइव्हचा रीजन एकूण ५ वेळाच बदलता येतो, शेवटचा ठेवाल तो कायमचा. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या एका डिस्कसाठी बदल वाया घालवू नका.

ट्रे उघडत नाही.

पॉवर बंद करून पुढच्या बारीक भोकात सरळ केलेला जेमक्लिप आत दाबा, ट्रे थोडा बाहेर येईल, मग हाताने ओढा. दरवेळी असं करावं लागतंय म्हणजे आतला रबरी पट्टा सैल झालाय.

साउंड कार्ड किंवा मोडेम लावलं की दुसरं काहीतरी बंद पडतं. हा कॉन्फ्लिक्ट म्हणजे काय?

प्रत्येक कार्डाला प्रोसेसरचं लक्ष वेधायला एक लाइन लागते, तिला आयआरक्यू म्हणतात, आणि जुन्या पीसीवर त्या ० ते १५ अशा १६ च आहेत. त्यातल्याही बऱ्याचशा आधीच वाटलेल्या, ० टायमर, १ कीबोर्ड, ३ आणि ४ कॉम पोर्ट, ६ फ्लॉपी, ७ प्रिंटर पोर्ट, १२ पीएस/२ माउस, १४ प्रायमरी आणि १५ सेकंडरी आयडीई. बोर्डच्या स्वतःच्या कामाच्याही सोडल्या की कार्डांसाठी उरतात त्या ५, ९, १०, ११ एवढ्याच. आयएसए स्लॉटवाली (सगळ्यात जुनी) काळ्या लांब खाचेतली कार्डं आयआरक्यू वाटून घेत नाहीत, दोघांनी एकच नंबर धरला की एक तरी मरतं. साउंड ब्लास्टर १६ साधारणपणे आयआरक्यू ५, पत्ता २२० आणि डीएमए चॅनेल १ व ५ घेतं, आणि डॉसमधले जुने गेम हेच आकडे धरून चालतात.

अजून एक फसवणारा प्रकार, काही जुन्या साउंड कार्डांवर सीडी-रॉमसाठी स्वतःचं आयडीई कनेक्टर असतं. ते वापरत नसाल तर जंपरने किंवा सेटअपमधून बंद करा, नाहीतर ते मदरबोर्डच्या आयडीईशी झगडतं आणि तुम्हाला वाटतं सीडी ड्राइव्ह बिघडला.

सोडवायची पद्धत अशी की ग्राफिक कार्ड सोडून सगळी कार्डं काढा, मशीन नीट चालतंय याची खात्री करा, मग एकेक कार्ड लावत जा आणि दरवेळी विंडोज पूर्ण चालू होऊ द्या. ज्या कार्डाला गडबड होईल त्याचा स्लॉट बदला. एजीपीच्या (ग्राफिक कार्डाच्या खास स्लॉटच्या) लगतचा पीसीआय स्लॉट (बाकी कार्डांचा) बहुतेक बोर्डांवर ग्राफिक कार्डाच्याच लाइनवर असतो, तिथे साउंड किंवा टीव्ही ट्यूनर लावणं टाळा. वापरत नसलेला दुसरा कॉम पोर्ट बायोसमधून बंद केला की ३ नंबर मोकळा होतो. आणि बायोसमध्ये रीसेट कॉन्फिगरेशन डेटा असा पर्याय दिसला तर एकदा येस करून सेव्ह करा, जुनं वाटप पुसून नव्याने होतं.

मदरबोर्डवरचा साउंड चालू ठेवून वरून वेगळं साउंड कार्ड लावलं असेल तर बोर्डवरचा बायोसमधून बंद करा.

पण माझ्याकडे एक्सपीत चार-पाच गोष्टी एकाच आयआरक्यूवर दिसतायत!

असू द्या. एसीपीआय (पॉवर आणि रिसोर्सचं वाटप विंडोजकडे देणारी पद्धत) चालू असलेल्या एक्सपीत पीसीआय कार्डांनी लाइन वाटून घेणं नॉर्मल आहे. पिवळं चिन्ह नाही आणि सगळं चालतंय तर हात लावू नका. कोड १२ आला तर मात्र खरंच रिसोर्स कमी पडतायत.

प्रिंटर पोर्टवर सॉफ्टवेअरचं लॉक लावलंय, ते कधी सापडतं कधी नाही.

मराठी फॉन्टच्या आणि अकाउंटच्या जुन्या सॉफ्टवेअरबरोबर हे लॉक म्हणजे डोंगल यायचं, त्याच्या मागे प्रिंटर लावायचा. प्रिंटर बंद असला की काही लॉक सापडत नाहीत, म्हणून आधी प्रिंटर चालू करून बघा, मग प्रिंटर काढून नुसतं लॉक लावून बघा. बायोसमध्ये पॅरलल पोर्टचा मोड ईसीपी असेल तर ईपीपी किंवा साधा ठेवून बघा. आणि हे लॉक जिवापाड जपा, ते गेलं की सॉफ्टवेअर असून नसल्यासारखं, जुन्या फाइली उघडायची वाटच बंद.

पेनड्राइव्ह लावला की टिंग वाजतं पण ड्राइव्ह येत नाही.

एक्सपीत पेनड्राइव्हला कधी कधी नेटवर्क ड्राइव्हने आधीच धरलेलं अक्षर मिळतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन पेनड्राइव्हला झेडच्या बाजूचं एखादं मोकळं अक्षर द्या.

रोज तारीख मागे जाते, आणि आता निळा स्क्रीन येऊन मशीन चालूच होत नाही.

मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपली. नाण्याएवढी, ३ व्होल्टची, घड्याळवाल्याकडेही मिळते. ती संपली की बायोस स्वतःच्या मूळ सेटिंगवर जातो, आणि बोर्डवर साटा (आयडीईनंतरची, बारीक केबलवाली) हार्डडिस्क असेल तर तिचा आयडीई मोड बदलून एएचसीआय हा नवा मोड होऊ शकतो. एक्सपीकडे एएचसीआयचा ड्रायव्हर मुळातून नसतो, म्हणून शेवटी ७बी असलेला कोड येऊन निळा स्क्रीन. बॅटरी बदला, तारीख लावा, साटा मोड परत आयडीई किंवा कंपॅटिबल करा. यावर विंडोज नव्याने टाकून देणारे लोक आहेत आणि त्यात डेटा जातो, म्हणून मुद्दाम लिहितोय.

मोठी हार्डडिस्क लावली, पण १३७ जीबीच दिसते.

जुन्या पद्धतीत पत्त्याला २८ बिटच होते, त्यात १३७ जीबीच मावतं, विंडोजच्या मोजणीत १२८. पुढे जायला बायोसही ४८ बिटवाला पाहिजे आणि एक्सपीला किमान सर्व्हिस पॅक १. अर्धवट सपोर्टवर पुढची जागा वापरायचा प्रयत्न करू नका, सुरुवातीचा डेटा खराब होऊ शकतो.

साटा हार्डडिस्क दुसरीकडे चालते, माझ्या बोर्डवर ओळखतच नाही.

बोर्डवर व्हीआयएचा व्हीटी८२३७ चिप आहे का बघा. त्याला ३ गिगाबिटच्या हार्डडिस्कशी जुळवून घेता येत नाही. बऱ्याच हार्डडिस्कवर १.५ गिगाबिटला बांधून ठेवायचा जंपर असतो, तो लावा.

कधी दिसते कधी नाही, मधेच रीस्टार्ट होतं.

एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज देणारा पत्र्याचा डबा, तपासा. मल्टिमीटरने मोठ्या चार तारांच्या कनेक्टरवर काळी-लाल ५ व्होल्ट आणि काळी-पिवळी १२ व्होल्ट, दोन्हीत ५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो, म्हणजे ४.७५ ते ५.२५ आणि ११.४ ते १२.६. मशीन काम करत असताना मोजा, नुसतं मोकळं ठेवून मोजलं तर खराब एसएमपीएसही बरोबरच आकडा दाखवू शकतो. मदरबोर्डवर प्रोसेसरजवळचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेत का तेही बघा, साधारण १९९९ ते २००७ मधल्या बऱ्याच बोर्डांत खराब माल आला होता. एसएमपीएस स्वतः उघडू नका, बंद असतानाही आत घातक व्होल्टेज राहतं. मागे लाल स्विच असेल तर तो २३० वरच ठेवा.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर ही तक्रार वाढते, तेव्हा रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलके घासा, कण झटका आणि परत बसवा. आयडीईचे कनेक्टरही एकदा काढून घट्ट बसवा.

हार्डडिस्क टक टक आवाज करतेय. चेकडिस्क (विंडोजमधली डिस्क तपासायची सोय) लावू?

नाही. लगेच बंद करा. टक टक म्हणजे हेड जागा शोधतंय आणि सापडत नाहीये, चेकडिस्कने तिला तासन्‌तास पळवलं तर उरलंसुरलं जाईल. डेटा महत्त्वाचा असेल तर चालू करणंच थांबवा आणि रिकव्हरीवाल्याकडे द्या. आवाज नसून फक्त काही फाइल वाचता येत नसतील तर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावा आणि लिनक्समधल्या डीडीरेस्क्यूने पूर्ण डिस्कची इमेज काढा, तो आधी चांगला भाग उचलतो आणि अवघड जागांकडे नंतर वळतो. फाइली त्या इमेजमधून काढायच्या.

आयडीई ड्राइव्ह आता मिळतात का? घेताना काय बघू?

नवीन मिळणं कठीण, पण मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणी जुने मिळतात. डीव्हीडी ड्राइव्ह घेताना दुकानातच एक छापील डीव्हीडी, एक बर्न केलेली डीव्हीडी आणि एक सीडी अशा तीन डिस्क चालवून बघा. हार्डडिस्क घेताना स्मार्टमधले ५ आणि १९७ शून्य आहेत का बघा, नसतील तर कितीही स्वस्त मिळाली तरी नको. नुसता डेटा काढायचा असेल तर ड्राइव्ह शोधण्यापेक्षा आयडीई-टू-यूएसबी कन्व्हर्टर घ्या, फक्त त्याच्यासोबत वेगळा पॉवर अडॅप्टर असायला हवा कारण साडेतीन इंची हार्डडिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि ते यूएसबीतून मिळत नाहीत. लावताना जंपर मास्टर किंवा सिंगलवर ठेवा, बहुतेक कन्व्हर्टर स्लेव्ह ओळखत नाहीत.